शालेय पोषण आहाराची चव मुलांच्या जिभेने मोजावी

मा. संपादक,

सादर नमस्कार.

शालेय पोषण आहारात कोणते पदार्थ असावेत, याविषयी आपल्या दैनिकात वेळोवेळी बातम्या आणि वाचकांची पत्रे प्रसिद्ध होत असतात. अंडी द्यावीत की नाही, साखरेचा खर्च कोणी उचलावा, धान्य वेळेवर पोहोचते का, स्वयंपाकी आणि मदतनीस महिलांचे मानधन किती असावे, हे सर्व प्रश्न महत्त्वाचे आहेत आणि त्यांवर चर्चा व्हायलाच हवी. परंतु जे मूल ताट घेऊन पंगतीत बसते, त्याला तो पदार्थ कसा लागतो आणि ते आपण कसे मोजणार आहोत, हा प्रश्न या चर्चेत माझ्या तरी वाचनात क्वचितच आला. मी आयुष्यभर अन्नविज्ञान शिकवले आणि त्यातही ‘संवेदी मूल्यमापन’ हा माझ्या विशेष आवडीचा विषय राहिला. एखादा पदार्थ माणसाला दिसायला, वासाला, चवीला आणि दाताखाली कसा जाणवतो, हे ठरावीक पद्धतींनी मोजून आकड्यांत मांडणारे हे शास्त्र आहे. बिस्किटाचा नवा स्वाद बाजारात आणताना उद्योगजगत ज्या पद्धतींचा आधार घेते, त्या पद्धती आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत वापरता येतात, आणि त्या वापरल्या पाहिजेत, असे मला मनापासून वाटते. म्हणून हा पत्रप्रपंच.

पोषण आहाराचे निकष सर्वांना ठाऊक आहेत. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने, तर सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिने मिळाली पाहिजेत. त्यासाठी अनुक्रमे १०० आणि १५० ग्रॅम तांदूळ, २० आणि ३० ग्रॅम डाळ, ५० आणि ७५ ग्रॅम भाजी असे प्रमाण ठरलेले आहे. हे सारे आकडे पातेल्यात काय पडले याचे आहेत, मुलाच्या पोटात काय गेले याचे नाहीत. भातातला शेवगा किंवा सोयाबीन वेचून ताटाच्या कडेला ठेवले गेले, तर कागदावर दिसणारी प्रथिने बादलीत जातात आणि हिशेब मात्र पूर्ण दिसतो.

चवीची काही व्यवस्थाच नाही, असे मुळीच नाही. जेवण वाढण्यापूर्वी किमान एका शिक्षकासह दोन-तीन मोठ्या माणसांनी ते चाखावे आणि त्याची नोंद ठेवावी, असा नियम आहे, आणि प्रत्येक शाळेत चव रजिस्टर असते. या नियमाचे महत्त्व कोणीही कमी लेखू नये. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात एका शाळेतील जेवणातून विषबाधा होऊन २३ मुले दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक असल्याचे तपासणीत आढळले. स्वयंपाक करणाऱ्या बाईंनी तेलाविषयी शंका घेतली होती आणि मुलांनीही चव बरी नसल्याचे सांगितले होते, असे त्या वेळी प्रसिद्ध झाले होते. चाखणाऱ्या माणसाच्या नाकावर आणि जिभेवर किती मोठी जबाबदारी असते, हे त्या घटनेने कळून चुकले.

माझे म्हणणे इतकेच आहे की, या एका रजिस्टरवर आपण दोन अगदी वेगळी कामे सोपवली आहेत. अन्नात काही दोष आहे का, म्हणजे तेल खवट झाले आहे का, डाळ आंबली आहे का, भात करपला आहे का, हे ओळखणे हे पहिले काम. ते थोड्याच पण सरावलेल्या माणसांचे काम आहे आणि त्यासाठी शिक्षकांना अर्ध्या दिवसाचे प्रशिक्षण पुरेसे ठरेल: ताज्या आणि खवट शेंगदाणा तेलाचे नमुने नाव न सांगता शेजारी शेजारी हुंगायचे, कोणता कोणता ते सांगायचे, आणि ज्याला ओळखता येत नाही त्याच्याऐवजी दुसऱ्याने ही जबाबदारी घ्यायची. चाखण्याच्या आधी अर्धा तास चहा, पान किंवा तंबाखू नको, सर्दी असेल त्या दिवशी दुसऱ्याने चाखावे, एवढी पथ्येही पाळावी लागतात. पदार्थ मुलांना आवडतो का, हे जाणणे हे दुसरे काम. ते शिक्षक कितीही प्रामाणिक असले तरी त्यांना करता येणार नाही, कारण तिथे मोजमापाचे साधनच मूल आहे. एका शाळेत मी चव रजिस्टर चाळले, तेव्हा महिनाभर प्रत्येक तारखेपुढे ‘चव उत्तम’ हाच शेरा होता. तो शेरा खोटा होता असे मी म्हणणार नाही. सही करणाऱ्या गुरुजींना ती चव उत्तम लागलीही असेल.

मोठ्यांची जीभ मुलांच्या जिभेचे काम का करू शकत नाही, याला शास्त्रीय आधार आहे. फिलाडेल्फियातील मोनेल केमिकल सेन्सेस सेंटर या संस्थेत ज्युली मेनेला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली मुले आणि त्यांच्या माता यांच्या कडू चवीच्या जाणिवेचा तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध केला. कडू चव ओळखणाऱ्या एका जनुकाची संवेदनशील प्रत आई-वडिलांपैकी एकाकडूनच मिळालेली असेल, तर अशा गटात मुलांना जो कडवटपणा जाणवत होता, तो त्याच जनुकरचनेच्या प्रौढांना तितका जाणवत नव्हता. मुलांना मोठ्यांपेक्षा जास्त गोड आवडते, हेही त्याच प्रकारच्या अभ्यासांतून वारंवार दिसून आले आहे. मेथीचा किंवा जुन्या सोयाबीनचा किंचित कडवटपणा गुरुजींना चवदार वाटत असताना समोरच्या दुसरीतल्या मुलीला तो नकोसा होत असेल, तर ती हट्ट करत नसते. तिला खरोखरच वेगळे लागत असते. शिवाय एकच चव पुन्हा पुन्हा घेतल्यावर जीभ तिला सरावते. चुलीपाशी उभे राहून चार वेळा आमटी चाखणाऱ्या बाईंना पाचव्यांदा मीठ नेमके कळत नाही, हे घराघरांत ठाऊक आहे.

आवड मोजण्याच्या पद्धतींचा उगमही अशाच एका सामूहिक जेवणाच्या प्रश्नातून झाला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांसाठी पोषणदृष्ट्या परिपूर्ण शिधा तयार झाला. पण सैनिक तो पुरता खात नसत, आणि न खाल्लेल्या अन्नाचे पोषणमूल्य शून्य असते, हे लष्कराच्या ध्यानात आले. पुढे शिकागो येथील लष्करी अन्न संशोधन संस्थेत डेव्हिड पेरियम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ पायऱ्यांची मोजपट्टी विकसित केली. एका टोकाला ‘अतिशय आवडले’, दुसऱ्या टोकाला ‘अजिबात आवडले नाही’, मध्ये ‘आवडलेही नाही, नावडलेही नाही’, अशा या मोजपट्टीवरील त्यांचा प्रसिद्ध लेख १९५७ चा आहे आणि आजही जगभर तीच मोजपट्टी सर्वाधिक वापरली जाते. आपल्या देशातही हे ज्ञान नवे नाही. म्हैसूरला केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था आणि संरक्षण खात्याची अन्न संशोधन प्रयोगशाळा या दोन संस्था कितीतरी दशके काम करत आहेत, आणि अन्नाच्या संवेदी मूल्यमापनाचे भारतीय मानक, आयएस ६२७३, १९७१ सालीच दोन भागांत प्रसिद्ध झालेले आहे. सैनिकाप्रमाणेच शाळकरी मुलालाही आपले दुपारचे जेवण निवडता येत नाही. म्हणून ज्याने सैनिकाची आवड मोजली, ते शास्त्र या मुलांच्या वाट्याला आधी यायला हवे होते.

प्रत्यक्ष चाचणी कशी होते, हे थोडे तपशिलाने सांगते, कारण ‘मुलांना विचारा’ एवढे म्हणून भागत नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या विद्यार्थिनींसह एका खेड्यातील शाळेत आम्ही नाचणीच्या सत्त्वाचे दोन प्रकार मुलांपुढे ठेवले. पीठ, गूळ, दूध सारखेच. एक पेल्याने पिता येईल इतके पातळ, दुसरे चमच्याने खावे लागेल इतके घट्ट. विद्यार्थिनींना पद्धतीतला फरक डोळ्यांनी दिसावा, म्हणून आधी मुलांना नेहमीसारखे रांगेत बसवले आणि कोणती वाटी आवडली ते बोटाने दाखवायला सांगितले. टोकाला बसलेल्या थोराड मुलीने डावीकडची वाटी दाखवली आणि तिच्यापुढच्या एकेकाने डावीकडचीच दाखवली. नंतर दुसऱ्या वर्गातील मुलांना व्हरांड्यात पाठीला पाठ लावून, अंतर ठेवून बसवले. वाट्या एकाच आकाराच्या स्टीलच्या, दोन्हींतील सत्त्व सारखेच कोमट, वाट्यांवर ‘एक’ आणि ‘दोन’ न लिहिता ५८२ आणि ३४७ असे कोणताही क्रम न सुचवणारे आकडे. अर्ध्या मुलांनी पातळ आधी चाखले, अर्ध्यांनी घट्ट आधी, आणि मध्ये प्रत्येकाने पाण्याने चूळ भरली. त्यांचे वर्गशिक्षक तेवढा वेळ कार्यालयात थांबले, कारण ‘छान आहे ना रे?’ एवढे एक वाक्य सगळी चाचणी निकामी करते. आपल्याकडचे मूल मोठ्यांना नाही म्हणत नाही. या वेळी उत्तरे एकमेकांपासून वेगळी आली. घट्ट सत्त्व नाकारणाऱ्या मुलांना कारण विचारले, तेव्हा चवीविषयी जवळजवळ कोणी बोलले नाही. ‘टाळूला चिकटतंय,’ असे एक मुलगा म्हणाला, आणि ‘गिळवत नाही,’ असे आणखी काहींनी सांगितले. अडचण नाचणीच्या चवीत नव्हती, घट्टपणात होती, आणि ती पाण्याचे माप बदलून दूर होण्यासारखी होती. ‘मुलांना नाचणी आवडत नाही’ असा निष्कर्ष काढून पदार्थ यादीतून काढणे आणि पाण्याचे माप बदलणे, या दोन निर्णयांत किती अंतर आहे, हे शिक्षण खात्यातील अधिकाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

वयाप्रमाणे पद्धत बदलावी लागते. नऊ पायऱ्यांची मोजपट्टी आठ-नऊ वर्षांच्या मुलाला समजावून दिल्यास जमते. पहिली-दुसरीतल्या मुलांना दोन वाट्यांपैकी एक निवडणे किंवा तीन वाट्यांतली सर्वांत आवडलेली बाजूला काढून मग उरलेल्या दोनांतली निवडणे सोपे जाते. हसऱ्या आणि रडक्या चेहऱ्यांची चित्रे लहान मुलांसाठी सर्रास वापरली जातात, पण ती जपून वापरावीत, कारण लहान मूल पुष्कळदा आवड दाखवण्याऐवजी आपल्याला भावणाऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवते. वेळही महत्त्वाची आहे. ज्या मुलांना सकाळी घरी काही मिळालेले नसते, ती दुपारच्या सुट्टीत समोर येईल ते आवडीने खातात. म्हणून चाचणी मधल्या वेळेत, मुले फार उपाशीही नसताना आणि पोट भरलेलेही नसताना घ्यावी.

आकड्यांचे भान तर फारच आवश्यक आहे. साठ मुलांपैकी पस्तीस जणांनी एक पदार्थ निवडला, तर बहुमत झाले असे कोणालाही वाटेल; परंतु मुलांनी न चाखता नुसते चिठ्ठ्या टाकून उत्तर दिले असते, तरी इतका फरक पडणे सहज शक्य आहे. दोन पदार्थांतून निवड करताना साठपैकी किमान ३९ मुलांनी एकच पदार्थ निवडला, तरच पाच टक्क्यांच्या प्रचलित कसोटीवर, म्हणजे असा निकाल निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता शंभरात पाचांहून कमी असल्यावर, ती आवड खरी मानता येते. ही कसोटी न लावता घेतलेले ‘मुलांचे मत’ कोणाच्याही सोयीने वळवता येते, आणि तसे झाल्यास मत न विचारलेलेच बरे.

अशा चाचणीने एक मोठे गैरसमजाचे प्रकरण वेळीच आटोक्यात आले असते, असे मला राहून राहून वाटते. पोषकद्रव्ययुक्त तांदूळ सरकारी योजनांतून देण्याची घोषणा १५ ऑगस्ट २०२१ रोजी झाली. लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ जीवनसत्त्व मिसळून यंत्रावर घडवलेले दाणे साध्या तांदळात शंभरास एक या प्रमाणात मिसळायचे ठरले. हे दाणे रंगाला थोडे वेगळे दिसतात, धुताना काही वर तरंगतात, आणि ‘प्लॅस्टिकचा तांदूळ आला’ ही अफवा गावोगाव पसरली. पालकांनी दाणे निवडून टाकले, म्हणजे ज्यासाठी खर्च केला तेच फेकले गेले. तोंडाला फरक लागतो का आणि डोळ्यांना दिसतो का, हे दोन प्रश्न इथे वेगळे करायला हवे होते. त्यासाठी त्रिकोण चाचणी आहे: शिजवलेल्या भाताच्या तीन वाट्या द्यायच्या, दोन एका तांदळाच्या आणि एक दुसऱ्याची, आणि वेगळी कोणती ते ओळखायला सांगायचे. निव्वळ अंदाजाने तीनांत एकदा बरोबर उत्तर येते. तीस जणांपैकी किमान पंधरा जणांनी बरोबर ओळखले, तर फरक जाणवतो असे मानतात. ही चाचणी गावच्या चावडीवर पालकांकडूनच करून घेतली असती आणि निकाल तिथेच वाचून दाखवला असता, तर शंभर पत्रकांनी जे साधले नाही ते साधले असते. फरक जाणवतो असे निघाले असते, तर तेही उत्पादकांना कळवणे तितकेच गरजेचे होते. डोळे जिभेवर किती मात करतात, याचा एक बोलका प्रयोग फ्रान्समधील बोर्दो येथे झाला असून तो २००१ साली प्रसिद्ध झाला: वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना वास नसलेला लाल रंग घातलेली पांढरी वाइन दिली, तेव्हा त्यांनी तिचे वर्णन लाल वाइनसाठी वापरल्या जाणाऱ्या शब्दांत केले. शिकलेल्या नाकांची ही गत असेल, तर वेगळ्या दिसणाऱ्या दाण्याला घाबरणाऱ्या आईला अडाणी म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

‘मुलांना विचारले तर ती चॉकलेटच मागतील,’ हा आक्षेप मला नेहमी ऐकवला जातो. मुलांना काय हवे ते मागा असे या चाचणीत कोणी सांगतच नाही. पोषणाचे निकष आहारतज्ज्ञांनीच ठरवायचे आहेत. त्या निकषांत बसणाऱ्या दोन-तीन पाककृतींपैकी कोणती मुलांच्या पोटात जाईल, एवढेच मुलांकडून समजून घ्यायचे आहे. पहिल्या नकाराला अंतिम मानू नये, हेही याच शास्त्राने शिकवले आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लीन बर्च आणि त्यांच्या सहकारी यांनी १९८२ साली दोन वर्षांच्या मुलांवर केलेल्या प्रयोगात, नवा पदार्थ जितक्या अधिक वेळा थोडा थोडा चाखायला मिळाला, तितकी त्याची आवड वाढत गेली. म्हणून नाचणी किंवा शेवगा एकदा नापसंत झाला तर तो लहान प्रमाणात पुन्हा पुन्हा द्यावा, सक्ती करू नये, आणि काही आठवड्यांनी पुन्हा मोजावे. चवीत हळूहळू केलेला बदल जिभेला कळत नाही, याचा लाभ ब्रिटनने पावातील मीठ वर्षानुवर्षे थोडे थोडे कमी करताना घेतला. २००१ ते २०११ या काळात तेथील पावातील मीठ सुमारे एकपंचमांशाने घटले. आपल्या खिचडीतील मीठ आणि खिरीतील गूळही तसेच बेताने कमी करता येतील.

मुलांच्या शब्दांइतकेच त्यांचे ताटही बोलते. पदार्थानुसार उरलेले अन्न वेगवेगळ्या बादलीत जमवून साध्या ताणकाट्यावर तोलले आणि वाढलेल्या अन्नाच्या वजनाशी ताडून पाहिले, तर महिन्याभरात प्रत्येक पाककृतीचे चित्र स्पष्ट होते. खरे सांगायचे तर कोणत्या दिवशी बादली जड होते, हे स्वयंपाकी ताईंना आजही तोंडपाठ आहे. त्यांना कोणी विचारत नाही आणि त्यांचे उत्तर कुठे लिहिले जात नाही. चाचणीत ठरलेली पाककृती मापाने लिहिलेली असावी आणि मीठ-मसाल्याच्या मापासाठी त्यांना चमचे-वाट्यांचा संच द्यावा, ही त्यांच्या कामाला दिलेली साथ ठरेल.

जून २०२४ च्या शासन निर्णयाने ‘तीन संरचित आहार’ पद्धत, म्हणजे एका जेवणात तीन प्रकारचे पदार्थ, आणि पंधरा पाककृती ठरवून दिल्या आणि पुढे त्यांत फेरबदलही झाले. सिंधुदुर्गातील आणि नंदुरबारमधील मुलांच्या घरचे जेवण एक नाही; भातावर वाढलेले मूल आणि भाकरीवर वाढलेले मूल एकाच पुलावाला एकच उत्तर देईल, असे धरून चालता येणार नाही. शालेय शिक्षण विभागाने पुढील फेरबदलापूर्वी सहाही महसुली विभागांत काही शाळा निवडून तिथे आधी या चाचण्या घ्याव्यात. त्यासाठी वेगळी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथील कृषी विद्यापीठे आहेत, परभणीला तर अन्नतंत्र आणि सामुदायिक विज्ञान अशी दोन्ही महाविद्यालये एकाच विद्यापीठात आहेत, आणि गृहविज्ञानाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रबंधासाठी याहून उपयुक्त विषय मिळणार नाही. चव रजिस्टरमध्ये शिक्षकांच्या शेऱ्याशेजारी दोन रकाने वाढवावेत: एक उरलेल्या अन्नाच्या वजनाचा आणि एक महिन्यातून एकदा घेतलेल्या मुलांच्या निवडीचा. आणि पाककृती बदलणारा प्रत्येक शासन निर्णय निघताना, ती पाककृती कोणत्या जिल्ह्यांत, किती मुलांनी चाखली आणि त्यांचे उत्तर काय आले, हे त्याला जोडलेल्या परिशिष्टात छापावे, अशी आपल्या दैनिकामार्फत माझी विनंती आहे.

आपली विश्वासू,
अन्नविज्ञानाची एक निवृत्त प्राध्यापिका